९३ टक्के संवाद न बोलता होतो म्हणे! तुमच्या घरातल्या, गाडीतल्या, बाजारातल्या खाणाखुणा सांगा

कोराचहा (धागाकर्ता)

ऑफिसात परवा कम्युनिकेशन स्किल्सचं ट्रेनिंग झालं. बाहेरून सर आणलेले, टाय वगैरे कडक, आणि दुसऱ्याच स्लाइडला तो जगप्रसिद्ध गोल आला तीन रंगांचा: शब्द ७ टक्के, आवाजाचा सूर ३८ टक्के, देहबोली ५५ टक्के. म्हणजे ९३ टक्के संवाद शब्दांवाचूनच होतो. मी मागच्या रांगेत, मनात म्हटलं मग सर पुढचे तीन तास नुसते हातवारेच करा, आम्ही ९३ टक्के समजून घेतो, उरलेले ७ टक्के मेल करा.

हा गोल तुम्हीही कुठे ना कुठे पाहिलेला असणार, म्हणून त्याची कुंडली आधी सांगतो. आकडे अल्बर्ट मेहराबियन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाचे, १९६७ सालच्या दोन प्रयोगांतले. एकात टेपवर सुटे सुटे शब्द ऐकवले, काही प्रेमळ, काही खडूस, काही धड ना इकडचे ना तिकडचे, आणि ते वेगवेगळ्या सुरात. दुसऱ्यात तर 'मेबी' हा एकच शब्द, वेगवेगळ्या सुरात, सोबत चेहऱ्याचे फोटो. आणि विचारलं काय, तर बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही ते सांगा. बस्स. शब्द एक म्हणतोय आणि सूर-चेहरा भलतंच, अशा वेळी लोक चेहऱ्यावर जास्त भरवसा ठेवतात, इतकाच त्याचा अर्थ. दोन प्रयोगांची बेरीज करून ते समीकरण निघालं आणि आवडनिवड-भावना सोडून इतर बोलण्याला ते लावू नका असं मेहराबियननी स्वतःच सांगून ठेवलंय, पण गोल एकदा सुटला तो सुटला.

आता मुद्दा. खुणांना किंमत नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. माझं भांडण आहे त्या डिक्शनरीशी, की हाताची घडी म्हणजे बचावाचा पवित्रा, नाकाला हात म्हणजे खोटं बोलतोय, पाय दाराकडे म्हणजे पळायचंय. अहो एसी सोळावर असतो, थंडी वाजते म्हणून घडी घालतो माणूस. माझ्या मते खूण कळते ती माणूस ओळखीचा असतो आणि जागा ओळखीची असते म्हणून, पुस्तकात वाचून नाही. आमच्या बाबांचा चष्मा घ्या. पेपर वाचताना कुणी बोलायला आलं आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला तर बोला, ऐकतायत. काढून हातात धरला तर लवकर आटपा. आणि काडी मिटून पेपरवर ठेवला की घरातले सगळे एकेक करून गॅलरीत, कारण आता विषय पैशाचा किंवा मार्कांचा. आईचं उलथनं तसंच. भाजी झाली की कढईच्या काठावर झटकायचा रोजचा आवाज असतो, टकटक. आणि एक वेगळा, एकच, जरा ओला आवाज, तो आला की आम्ही दोघं भाऊ मुकाट ताटं घ्यायला उठतो. पाहुण्याला दोन्ही आवाज सारखेच वाटतील, कितीही ट्रेनिंग केलेला असू दे.

तर तुमच्या घरातल्या, धंद्यातल्या, प्रवासातल्या खुणा येऊ द्या. 'समोरच्याचं मन वाचण्याच्या दहा युक्त्या' टाइप लिंका नकोत प्लीज.

दुपारची_झोप

भारी विषय. रुमाल टाकून ठेवते, रात्री सविस्तर लिहिते.

डबलबेल

झोपताईंनी रुमाल टाकलाच आहे तर तिथूनच सुरू करतो. एसटी फलाटाला लागायच्या आधी खिडकीतून सीटवर रुमाल, टोपी, पिशवी, प्रसंगी पोरगं टाकायचं आणि मग आरामात दारातून चढायचं, याच्यावर कुठलाही कायदा नाही पण रुमाल उचलून फेकून दिला तर मारामारी होते. एक शब्द न बोलता झालेला करार आहे तो.

आणि घंटी. कंडक्टरने दोरी एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. ड्रायव्हर मागे वळून बघत नाही, बघायची गरजच नाही. माझे चुलते कंडक्टर होते, ते सांगायचे की घंटी कशी मारली त्यावरून ड्रायव्हरला मूड कळतो, शांत डबल म्हणजे सगळे चढले, आणि झटक्यात डबल म्हणजे दारात कुणीतरी भांडतंय तू काढ गाडी. तिकिटाचा पंच असायचा तेव्हा तो पत्र्याच्या पेटीवर टकटक करत पुढे यायचे, 'तिकीट बोला' म्हणायच्या आधीच लोक खिशात हात घालायचे. मशीन आल्यापासून तो आवाज गेला.

पण धागाकर्त्यांच्या मुद्द्याला एक जोड. हायवेला पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो, त्याचा अर्थ काही जण 'रस्ता मोकळा आहे, घाल पुढे' असा काढतात आणि काही ड्रायव्हर खरंच त्या अर्थाने देतात. आणि कधी तो खरोखर उजवीकडे वळत असतो. घाटात मी कुणाच्याही इंडिकेटरवर विश्वास ठेवत नाही, हात बाहेर काढून बोलावलं तरी स्वतःला पुढचं दिसल्याशिवाय नाही.

हापूस_की_पायरी

रुमालाचा विषय निघालाय म्हणून लॉगिन केलं. आमचा आंबा वाशीला जातो. तिथे वर्षानुवर्षं चालत आलेला सौदा म्हणजे दलाल आणि खरेदीदार समोरासमोर उभे, हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. आजूबाजूला दहा माणसं उभी असली तरी आकडा फक्त त्या दोघांना. चेहरा एकदम कोरा, जणू हवापाण्याच्या गप्पा चाललेत. लहानपणी वडिलांबरोबर गेलेलो तेव्हा मला जादू वाटायची, आता पेटी माझी आहे म्हटल्यावर वाटत नाही. ज्याचा माल त्यालाच भाव कळत नाही ही काय पद्धत झाली? उघड लिलाव करा म्हणून शेतकऱ्यांनी किती वेळा ओरड केली. न बोलता केलेला संवाद सुंदर वगैरे असतो हे ठीक, पण कुणापासून लपवायला न बोलता हेही विचारावं माणसानं.

सातारी_ढेकूळ

बैलबाजारात पण हेच हाय की. हेडी लोक, म्हंजी जनावरांचे दलाल, टॉवेल नाहीतर सदऱ्याचा सोगा टाकत्यात हातावर. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार, आख्खा पंजा धरला की पाच. पुढची शून्यं दोघान्ला ठाव असत्यात, कारण बैल समोर उभा हाय, त्याची किंमत हजारात का लाखात हे दात बघूनच कळलेलं असतंय. मला आजोबांनी शिकवलं तवा सांगितलेलं की बोटाकडं ध्यान देऊ नको, दाब किती जोरात हाय त्याच्याकडं दे. सैल धरला की अजून वाढणार हाय.

मुक्ता_ठाणे

सेंट्रल लाइन, लेडीज डबा, संध्याकाळची फास्ट. इथे तोंड उघडायची शक्तीच उरलेली नसते. उभी असलेली बसलेलीकडे बघून फक्त भुवई आणि हनुवटी उचलते, म्हणजे 'कुठे?'. बसलेली बोटाने पुढे दाखवते किंवा नुसते ओठ हलवून 'डोंबिवली' म्हणते. मग उभी असलेली मागच्या तिघींना हात दाखवते, सीट माझी झाली. चौथी सीट हवी असेल तर तळवा आडवा करून हवेत जरासा सरकवायचा, तिघी अर्धा अर्धा इंच हलतात, आणि अर्धी मांडी टेकवायला मिळते. मी एकदा बंगलोरच्या मैत्रिणीला घेऊन गेले, ती घाबरूनच गेली, म्हणे तुम्ही एकमेकींशी भांडताय का?

एडवर्ड हॉल म्हणून एक मानववंशशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६६ च्या पुस्तकात अंतरांचं गणित मांडलंय, दीड फुटाच्या आत फक्त अगदी जवळची माणसं, चार फुटांपर्यंत दोस्त, बारापर्यंत कामाची माणसं वगैरे. अमेरिकेतल्या मध्यमवर्गाकडे बघून केलेलं गणित आहे ते. ठाणे-दादर मध्ये माझ्या दीड फुटात सहा जणी असतात, एकीची वेणी माझ्या तोंडात. तिथे आपण अंतर नजरेने राखतो. कुणी कुणाच्या डोळ्यात बघत नाही, सगळ्या पंख्याकडे नाहीतर मोबाइलमध्ये. शरीर हलवायला जागा नाही म्हणून डोळे हलवायचे नाहीत, असा अलिखित नियम. तो मोडून कुणी टक लावून बघितलं की लगेच कळतं.

म्युनिकचा_बंड्या

मस्त चाललाय धागा. इकडचं थोडं. मी मीटिंगमध्ये मान डोलावतो, ती आपली, ना उभी ना आडवी. टीममधला जर्मन सहकारी एकदा थांबूनच म्हणाला, हे हो आहे का नाही आहे तेवढं सांग, मला टिकेटमध्ये लिहायचंय. मग मी त्याला तपशीलवार समजावलं की बाबा रे, एकदाच एका बाजूला कलली तर 'चालेल', हळूहळू डोलत राहिली तर 'ऐकतोय, बोल', आणि भरभर हलून सोबत ओठ बाहेर आले तर 'काय माहीत बुवा'. त्याने वहीत लिहून घेतलं :) पण सहा महिन्यांनी बायकोच्या माहेरचे आले, ते विदर्भातले, त्यांचं डोलणं अजून वेगळं निघालं, वही वाया.

यांच्याकडचंही आपल्याला कळत नाहीच. युनिव्हर्सिटीत लेक्चर संपलं की सगळे बाकावर टकटक वाजवतात बोटांच्या पेरांनी, मला वाटलं मास्तरांना हाकलतायत. ती टाळी असते. मोजताना एकसाठी अंगठा, दोनसाठी अंगठा आणि तर्जनी. बेकरीत मी तर्जनी आणि मधलं बोट दाखवून दोन ब्रेड मागतो तर नवीन मुलगी क्षणभर थांबतेच. आपण पेरांवर करंगळीपासून मोजतो ते बघून तर इथल्या माझ्या शेजाऱ्याला वाटतं मी जप करतोय.

अनिरुद्ध७७

सगळं वाचलं. पण धागाकर्ते जरा टोकाला जातायत. मी सोळा वर्षं एचआरमध्ये आहे, माणूस खुर्चीत बसायच्या आत मला कळतं खरं किती खोटं किती. नजर चुकवली, खालचा ओठ चावला, कॉलर चाचपली, संपलं. यात शास्त्र आहे, चेहऱ्यावरच्या भावांवर काम केलेले मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन वाचा.

ओपीडी_नंबर_तीन

अनिरुद्धराव, 'मला कळतं' असं वाटणाऱ्यांची चाचणी घेऊन झालीय. बाँड आणि डीपॉलो या संशोधकांनी २००६ मध्ये २४ हजारांहून जास्त लोकांवरच्या प्रयोगांचे निकाल एकत्र केले. खरंखोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के बरोबर येतात. नाणं उडवलं तर ५०. आणि ज्यांचा खोटं ओळखण्याचा धंदा आहे ते इतरांपेक्षा फार पुढे नाहीत. इंटरव्ह्यूला आलेला मुलगा नजर चुकवतो कारण त्याला नोकरी हवीय आणि समोर तुम्ही बसलाय.

बाकी माझ्या कामात न बोललेलंच जास्त बघावं लागतं, पण नेमकं काय बघायचं ते ठरलेलं असतं. किडनी स्टोनचा पेशंट एका जागी बसत नाही, उठतो, वाकतो, येरझारा घालतो, टेबलवर झोपवला तर कूस बदलतो. आणि पोटात आत पू झालेला, आतडं फुटलेला पेशंट याच्या बरोबर उलट, निपचित, गुडघे पोटाशी, कारण जरा हललं तरी कळ येते. दाराबाहेर बाकावर कोण कसं बसलंय हे बघूनच मी कधीकधी नंबर पुढे घेते. अपेंडिक्सच्या संशयात 'रिक्षात स्पीडब्रेकरवर दुखलं का?' हा प्रश्न मी नेहमी विचारते, इंग्लंडमध्ये २०१२ साली त्याचा रीतसर अभ्यासही झालाय. दुखलं नाही म्हणणाऱ्याला अपेंडिक्स निघण्याची शक्यता बरीच कमी.

उलट बाजूही सांगते. छातीवर मूठ आवळून 'इथे आवळतंय' असं दाखवतात त्या खुणेला लेव्हाइनचं नाव आहे, पुस्तकात असते. पण हार्ट अटॅक आलेले कितीतरी जण मूठ दाखवत नाहीत, मधुमेहींना तर कधी कधी दुखतही नाही, नुसता घाम नाहीतर दम. तेव्हा मूठ नाही म्हणून घरी ॲसिडिटीची गोळी घेऊन बसू नका. ग्रामीण भागात ड्यूटी केली तेव्हाचं अजून एक, तिथल्या सासुरवाशिणी दुखणं सांगताना सासूकडे बघतात. मी आधी सासूबाईंना बीपी मोजायला बाहेर सिस्टरकडे पाठवते, मग विचारते.

अनिरुद्ध७७

डॉक्टर, सरासरी म्हणजे मी नव्हे. एकमनने पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात जाऊन सिद्ध केलंय की भाव जगभर सारखेच असतात.

कोराचहा

एकमन गेले होते, साठच्या दशकात, फोरे लोकांकडे, ज्यांनी सिनेमे-मासिकं फारशी पाहिलेली नव्हती, आणि त्यांनी फोटोंतले राग, भीती, आनंद बऱ्यापैकी ओळखले. ते काम मोठंच आहे. पण चेहऱ्यावरून भाव ओळखणं वेगळं आणि भावावरून गुन्हा ओळखणं वेगळं. २०१९ मध्ये मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि इतरांनी सगळे अभ्यास चाळून सांगितलं की माणसं रागात नेहमी कपाळाला आठ्या घालत नाहीत आणि आठ्या घातल्या म्हणजे राग असंही नाही. काही जण लक्ष देऊन ऐकतात तेव्हाही त्यांच्या कपाळावर आठ्या असतात, आमचे गणिताचे मास्तर आयुष्यभर तसेच दिसले.

आणि अमेरिकेने विमानतळांवर हे करून पाहिलंय. प्रवाशांची देहबोली बघून संशयित हेरणारे अधिकारी नेमले, २००७ पासून सुमारे ९० कोटी डॉलर ओतले, आणि २०१३ मध्ये त्यांच्याच सरकारी हिशेबतपासनिसांनी सांगितलं की हे चालतं याचा पुरावा नाही, पैसे आवरा. तुमच्या कंपनीला परवडत असेल तर चालू द्या.

सातारी_ढेकूळ

भांडू नगा, नंदीबैल बघा. दारात गुबुगुबु वाजवत यायचा, मालक विचारणार, 'पाऊस पडंल का? ताईचं लगीन हुईल का?' आन बैल मान हलवणार. बायका सूपभर धान्य घालायच्या. आता बैलाला ताईचं काय ठाव? मालकाची दोरी, हातातलं ढोलकं, उभं राहायची ढब, त्यावर चाललेलं समदं. बैल मालकाला वाचतोय आन आपण बैलाला.

पण त्याच्या फुडची गोष्ट बर्लिनची हाय. १९०० च्या सुमाराला हान्स नावाचा घोडा तिथं गणितं सोडवायचा, उत्तर टापा आपटून. मोठमोठे प्रोफेसर येऊन गेले, १९०४ ला कमिटी बसली, लबाडी सापडंना. आन लबाडी नव्हतीच, मालक बिचारा सरळ मास्तर होता. फुंग्स्ट नावाच्या माणसानं १९०७ ला शोधलं, की इचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाव नसलं की घोडा चुकतोय. टापा बरोबर आकड्यावर आल्या की इचारणाऱ्याची मान नकळत हलायची, अंग सैल पडायचं, घोडा तेवढं बघून थांबायचा. इचारणाऱ्याला पत्ताच नाही की आपण सांगतोय. एचआरवाल्या साहेबांनी हे वाचावं असं वाटतंय, कारण समोरचा मुलगा पण तुमच्या तोंडाकडं बघूनच उत्तर देत आसंल.

पेटीवाला

ढेकूळभाऊ, जबरदस्त. आमच्याकडचं सांगतो. मी साथीला पेटी वाजवतो. स्टेजवर आम्ही गायकाशी बोलत नाही, बोलताच येत नाही. विलंबितातून (संथ लयीतून) द्रुतात (जलद लयीत) जायचं असेल तर गायक मांडीवर बोटांनी नवी लय दाखवतो, कधी तेही नाही, नुसतं तबल्याकडे जरा जास्त वेळ बघतो आणि तबलजी ओळखतो. माझ्याकडे तळवा खाली करून हवेत दाबला की मी आवाज कमी करायचा, मध्ये मध्ये येऊ नको. बोट वर करून हलकं फिरवलं की आता तू भर जागा. ही खूण गाणाऱ्यागणिक बदलते. एक बाई आहेत, त्या खूष असल्या की डोळे मिटतात आणि नाराज असल्या तरी डोळेच मिटतात, फरक फक्त डाव्या हाताच्या अंगठ्यात, तो तंबोऱ्यावर टेकलेला आहे की उचललेला. हे कळायला माझे दोन सीझन गेले.

आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणाऱ्या माना. समोरच्या रांगेतल्या पन्नास माना एकदम खाली येतात. ज्यांची मान आधीच आली ते नवशिके, ज्यांची नंतर आली ते शेजाऱ्याकडे बघून हलवतायत. वरून सगळं दिसतं बरं का!

तिहाई_संपली

पेटीवाला काका +१. मी कथक शिकवते. नाट्यशास्त्रात डोक्याच्या हालचालींच्या तेरा आणि नजरेच्या छत्तीस तऱ्हा दिल्यात, आणि अभिनय चार प्रकारचा, आंगिक, वाचिक, आहार्य (वेशभूषेचा), सात्त्विक. म्हणजे कपडे-दागिनेसुद्धा बोलतात हे तेव्हाच मांडून ठेवलंय. पण विद्यार्थिनींना मी सांगते की या तऱ्हा रंगमंचावरच्या आहेत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्यासाठी मोठ्या केलेल्या, घरी नवऱ्याशी भांडताना वापरू नका, तो टाळ्या वाजवेल.

दुपारची_झोप

रुमाल उचलते आता. कांद्यापोह्यांचा कार्यक्रम. माझ्या मावशीच्या घरी मावशी काकांना टेबलाखालून पायाने दाबायची, एकदा म्हणजे पगार विचारून झाला आता पुरे, दोनदा म्हणजे पोह्यांचं विचारा. एकदा चुकून मुलाच्या वडिलांचा पाय दाबला, ते गृहस्थ शेवटपर्यंत गप्प, लग्न मात्र जमलं.

आता जरा गंभीर. वर कुणी म्हटलं नाहीये पण असल्या धाग्यांवर हमखास येतं, 'मुली तोंडाने नाही म्हणतात पण नजरेत हो असतं.' बाळांनो, नसतं. मी ऑफिसात हसते कारण न हसल्यास 'मॅडम आज मूड नाही का' ऐकावं लागतं. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस असताना हसते कारण लिफ्टचं दार बंद आहे आणि मला तिसरा मजला गाठायचाय. त्या हसण्याचा अर्थ 'आवडलात' असा काढणारे लोक बघितलेत मी, आणि नंतर त्यांनाच राग येतो की तूच तर हसलीस. शब्दात नाही म्हटलं असेल तर डोळ्यांत उत्खनन करायला जाऊ नये. उलटं मात्र बघावं. तोंडाने हो म्हणतेय पण अंग आकसलंय, उत्तरं एका अक्षरात आलीयेत, पर्स मांडीवर ओढून घेतलीय, तर थांबावं आणि सरळ विचारावं. विचारायला कुणाचं काय जातं?

मुक्ता_ठाणे

झोपताई, शंभर वेळा सहमत. लिफ्टचं अगदी अगदी.

अनिरुद्ध७७

हे मात्र पटलं. इंटरव्ह्यूला मुलींनी हसावं असं आमच्या फॉर्ममध्ये 'प्लेझंट पर्सनॅलिटी' म्हणून कॉलम आहे, मुलांच्या वेळी तो कुणी भरतच नाही. काढायला सांगतो.

कान_उघडे

मला जन्मापासून दिसत नाही, स्क्रीन रीडरवर तुमचा धागा ऐकतेय. मजा येतेय पण तुम्ही लोक मान फार हलवता हो! बँकेत मी विचारते, 'फॉर्म इथेच द्यायचा का?' आणि पुढे शांतता. मी परत विचारते. परत शांतता. तिसऱ्यांदा शेजारचा कुणीतरी म्हणतो, ताई ते हो म्हणतायत. अहो मग म्हणा ना हो! दुसरं, बोलता बोलता उठून जाता, न सांगता. मी पाच मिनिटं रिकाम्या खुर्चीशी बोलत बसते. 'येतो हं' एवढं म्हणायचं.

बाकी मला खुणा मिळत नाहीत असं नाही. हसत बोललेलं वाक्य ऐकू येतं, ओठ ताणले की आवाज बदलतो, फोनवर तुम्हालाही कळत असेल. आमच्या सोसायटीत कोण आलं ते चपलेवरून कळतं, आणि भांडून आलं की नाही तेही, जिना चढताना टाच आधी की चवडा आधी. पण अनोळखी माणसाच्या चपलेवरून मला काहीही कळत नाही, म्हणजे धागाकर्त्यांचा मुद्दा चपलांनाही लागू.

आणि हे ऐकलं नसेल तर सांगते, २००४ च्या ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकमधल्या ज्युडो खेळाडूंचे फोटो घेऊन दोघा संशोधकांनी बघितलं होतं. जिंकल्यावर जन्मांध खेळाडूंनीही हात वर केले, छाती पुढे काढली, डोकं मागे टाकलं, डोळस खेळाडू करतात तसंच. कुणाचं बघून शिकलेलं असणं शक्यच नाही. म्हणजे थोडं काहीतरी आपण घेऊनच येतो. मी बारावीचा निकाल ऐकला तेव्हा हात वर केले होते असं आई सांगते, मला आठवत नाही.

शांत_पुणेकर

ताई, ग्रेट प्रतिसाद. यावरून आठवलं, कर्णबधिर लोकांची खुणांची भाषा म्हणजे तर १०० टक्के देहबोलीच की, शब्दच नाहीत.

हातांनी_बोलू

शांतकाका, तिथे गल्लत होतेय. माझा धाकटा भाऊ कर्णबधिर आहे. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे, तिला शब्द आहेत, व्याकरण आहे, टोमणे आहेत, शिव्या तर भरपूर आहेत. तिच्यात भुवया म्हणजे भावना दाखवायचं साधन एवढंच नाही, भुवया व्याकरण आहेत. तीच खूण भुवया वर करून केली की प्रश्न होतो. भाऊ म्हणतो की ऐकू येणारे लोक चेहरा मख्ख ठेवून हात हलवतात तेव्हा ते विरामचिन्हांशिवाय लिहिल्यासारखं दिसतं. दिल्लीला २०१५ पासून सरकारी संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, त्यांनी २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा कोशही काढला. शाळेत मात्र भावाला हात बांधून बसवायचे, बोलायला शिक म्हणून. ती वर्षं आम्ही विसरलो नाही.

आणि हो, देहबोली त्यांच्यातही वेगळी असतेच. भावाला राग आला की त्याचे संकेत लहान होतात, पोटाजवळ येतात. आम्ही आवाज चढवतो, तो उतरवतो.

शांत_पुणेकर

हे माहीतच नव्हतं. धन्यवाद. कोशाची लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

डबलबेल

कुणी व्हॉट्सॲपच्या अंगठ्यावर बोललंच नाही अजून. २०१४ ला निळ्या टिका आल्या तेव्हापासून आमच्या घरात 'वाचलंस आणि उत्तर नाही' हा गुन्हा आहे. त्यात अंगठा. मी अंगठा देतो म्हणजे 'ठीक आहे, कळलं'. माझी मुलगी म्हणते बाबा अंगठा म्हणजे 'पुरे आता, गप्प बस', असं कुणी करतं का. तिने नोकरी लागल्याचं ग्रुपवर टाकलं, मी अंगठा दिला, संध्याकाळपर्यंत अबोला. मग तिच्या आईने सांगितलं की तिला फोन करा. आणि हात जोडलेलं चित्र, ते मला नमस्कार वाटतं, कुणाला आभार, माझ्या साडूला 'माफ करा येणार नाही' साठी तेच लागतं. आता लग्नाच्या आमंत्रणावर साडूने हात जोडलेत, ताट धरायचं का नाही?

म्युनिकचा_बंड्या

डबलबेलकाका, फोन करा साडूंना :) ऑफिसात आमच्याकडे कॅमेरा बंद ठेवून मीटिंग असते, तिथे तर मान नाही, डोळे नाहीत, काही नाही. शेवटी आम्ही ठरवून टाकलंय की गप्प म्हणजे संमती नाही, प्रत्येकाने तोंडाने सांगायचं. जर्मन लोक खूष, आपल्याकडच्या दोघांना अजून जड जातं.

हापूस_की_पायरी

साडू येणार नाहीत. आमच्याकडे हात जोडलेले म्हणजे नक्की नाही. ताट धरू नका.

सातारी_ढेकूळ

आमच्याकडं हात जोडल्यालं म्हंजी चार जादा माणसं घिऊन येणार. धरा.

कान_उघडे

हसून हसून पुरेवाट. चित्रांवरून एक विनंती करू का सगळ्यांना? स्क्रीन रीडर प्रत्येक चित्राचं नाव मोठ्याने वाचून दाखवतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक काका रोज सकाळी गुडमॉर्निंगच्या आधी ओळीने पंधरा-वीस फुलं टाकतात आणि माझा फोन बसमध्ये 'लाल गुलाब, लाल गुलाब, सूर्यफूल, लाल गुलाब, हात जोडलेले' असं सुरू होतो, पाणी कधी येणार नाही ते वाक्य सगळ्यात शेवटी. फुलं मेसेजच्या खाली टाका, आणि दोनच टाका.